गायकवाडबाई आणि एक लांबलचक विशेषण

गायकवाडबाईंबद्दल चांगलं बोलणारे भिवंडीत पुष्कळ सापडतील. त्यांचे विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांच्या आया आहेत, शाळेचा शिपाई आहे. मी त्यांच्यातला नाही. मी बाईंचा हेवा केला, आणि तोही एकदोन दिवस नव्हे, चांगली अकरा वर्षं केला. हेवा करणाऱ्याचं लक्ष फार बारीक असतं. त्यामुळे बाईंवर प्रेम करणारे जे विसरून गेले असतील, ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

मी खारबावचा. घरची भातशेती. आमच्या घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी पहिलाच. भिवंडीतल्या एका मराठी शाळेत लागलो आणि आठ वर्षं आठवी ते दहावीचं इंग्रजी माझ्या एकट्याच्या हातात होतं. शाळा भर लूमवस्तीत, यंत्रमागांच्या गराड्यात. खिडक्या लावून घेतल्या तरी मागच्या कारखान्यांचा खडखडाट वर्गात यायचा, त्यामुळे आम्ही सगळेच मास्तर ओरडून शिकवायचो. मी घोटून घोटून तयार केलेल्या नोट्स सायक्लोस्टाइल करून मुलांना वाटत असे. ‘पाटील सरांच्या नोट्स’ दुसऱ्या शाळांतली मुलंही मागून न्यायची. हे सांगायचं कारण एवढंच, की बाई यायच्या आधी मी एक सुखी माणूस होतो.

बाई आल्या त्या ऐंशी साल उलटून पाचसहा वर्षांनी. वय सत्तेचाळीसच्या आसपास, आधीची नोकरी शहापूरकडे कुठेतरी. बुटक्या, काळ्यासावळ्या, साडी इतकी वर खोचलेली की चिखलाची काय बिशाद काठाला लागायची. मनगटावर पुरुषी घड्याळ आणि बारा महिने हातात छत्री. घड्याळ असूनही रोज प्रार्थनेला तीन मिनिटं उशीर. प्रार्थना चालू असताना मधे घुसायला नको म्हणून त्या फाटकाबाहेर छत्रीवर हात ठेवून उभ्या राहायच्या, आणि ते तीन मिनिटांचं उभं राहणं सबंध शाळेला दिसायचं.

बाई भिवंडीच्याच. वडील पोस्टमन. “आमच्या अण्णांना पाकिटांनी इंग्रजी शिकवलं, आणि मला अण्णांनी,” असं त्या सांगायच्या. बाई बौद्ध होत्या. हे लिहायचं नाही असं दोनदा ठरवलं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या हेव्याला त्याचीही फोडणी होती. कुणी तोंडावर विचारलं असतं तर मी साफ नाकारलं असतं, वर समतेवर चार वाक्यं ऐकवली असती. पण आपल्यापेक्षा चांगलं इंग्रजी येणारं माणूस शाळेत आलं हे मला आधी टोचलं, आणि ते कोणत्या घरातून आलं हे त्याच्यामागोमाग टोचलं.

मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूमच्या मधल्या टेबलावर डबा उघडायच्या. डब्यात बहुतेक सुकट आणि तांदळाची भाकरी. वास सगळीकडे पसरायचा. कोपऱ्यात तोंड करून खाणं त्यांना माहीत नव्हतं. माझ्याकडे डबा सरकवत म्हणायच्या, “घ्या पाटील सर. खारबावच्या माणसानं सुकटीला नाही म्हणू नये.” आणि मी घ्यायचो, कारण सुकट खरोखर उत्तम असायची.

दोषही होतेच. मार्कांची बेरीज त्यांना कधी जमली नाही. त्यांच्या याद्या मला पुन्हा तपासाव्या लागत. दुसऱ्याच्या पेटीतले रंगीत खडू घेतले की परत म्हणून करायच्या नाहीत. स्टाफ मीटिंगमध्ये बसल्या बसल्या झोपायच्या, आणि झोपेतून जाग आली की हेडसरांचं शेवटचं वाक्य घेऊन त्यावर प्रश्न विचारायच्या. गाइडमधून उतरवलेलं वाक्य वहीत दिसलं तर ते पान त्या मुलाच्या देखत फाडायच्या. माझ्या हिशेबात ही चांगली भरभक्कम यादी होती. पण मुलांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

मुलांना दिसायचा तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातला शब्द. बाई सोमवारी तिथे रंगीत खडूने एक इंग्रजी शब्द लिहायच्या. तो शनिवारपर्यंत पुसायचा नाही. आठवडाभरात प्रत्येकाने त्या शब्दाचं एक वाक्य करून आणायचं, आणि अट एकच. “शब्द परका चालेल, वाक्य घरचं पाहिजे,” असं त्या म्हणायच्या. रामाने रावणाला मारलं, सूर्य पूर्वेला उगवतो, असली वाक्यं बाद. घरात, गल्लीत, कारखान्यात जे पाहिलं त्याचं वाक्य.

नववी अ माझा वर्ग आणि नववी ब त्यांचा. मधे प्लायवूडचं पार्टिशन. मागचे लूम वीज जाऊन बंद पडले की पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येई. मी शिकवत असायचो आणि पलीकडे पन्नास पोरं एकदम हसायची. माझ्या वर्गातली पोरं मग पार्टिशनकडे बघायची. मी फळ्यावर डस्टर आपटायचो.

एका सोमवारी त्यांनी शब्द लिहिला, ‘अनरेकग्नायझेबल’. इतका लांब शब्द मराठी शाळेतल्या नववीला कुणी देत नाही. पलीकडून बाईंचा आवाज आला, “ओळखू न येण्यासारखा. इतका बदललेला, की बघून कळतच नाही हा तोच. कुणाचं असं रूप बघितलंय का, सांगा.”

मग मुलं जे वाक्य करायची ते बहुतेक चुकायचं, आणि का चुकायचं ते बाईंनी असं सांगितलं: “मराठीत आपण म्हणतो, मला तो ओळखू आला नाही. सुरुवात ‘मला’पासून. म्हणून तुम्ही इंग्रजीतही ‘आय’पासून सुरू करता आणि विशेषण स्वतःलाच चिकटवून घेता. अरे, बदलला कोण? तू की तुझा मामा? ज्याचं रूप बदललं त्याला हे विशेषण लागतं. बघणारा पाहिजे तर मागून येऊ दे, ‘टू मी’ म्हणून. नाही आला तरी चालेल.”

शनिवारपर्यंत वाक्यं जमली. एकाचं मला अजून पाठ आहे. “आफ्टर ड्युटी माय फादर इज अनरेकग्नायझेबल. कॉटन इज ऑन हिज आयब्रोज.” बाप लूमवर काम करून येतो तेव्हा त्याच्या भुवयांवर कापूस बसलेला असतो. मी आठ वर्षं त्या बापांच्या मुलांना शिकवत होतो. रोज बसमधून उतरल्यावर ते पांढऱ्या भुवयांचे लोक मला रस्त्यात दिसायचे. पण माझ्या वर्गात असं वाक्य कधी कुणी केलं नव्हतं, कारण मी कधी मागितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाई मला ग्रंथालयात एकट्याला गाठून म्हणाल्या, “सर, एक मिनिट.” हातात माझ्या नोट्सचा एक जुना कागद होता, कुणाच्या तरी थोरल्या भावाचा. त्यांनी तो अशा घडीत धरला होता की एकच ओळ वर यावी. ओळ अशी होती: ‘मी त्याला ओळखू शकलो नाही – आय वॉज अनरेकग्नायझेबल टू हिम.’

मी ती दोनदा वाचली. त्या इंग्रजीचा अर्थ बरोबर उलटा होत होता. त्याने मला ओळखलं नाही, असा. हे वाक्य मी आठ वर्षं वाटलं होतं.

“टायपिस्टची चूक दिसते,” बाई म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो. “टायपिस्टचीच.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि गेल्या. स्टाफरूममध्ये याचा शब्द कधी निघाला नाही. त्यांनी चारचौघांत माझी चूक काढली असती, तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी मला पळायला वाट ठेवली आणि मी त्या वाटेने पळालो, हे मात्र मला सहन होईना. त्या दिवशी मी सुकट घेतली नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

पुढच्या जूनपासून मीही माझ्या वर्गात दर सोमवारी शब्द लिहायला लागलो. नाव दिलं ‘शब्दसंपदा’. बाईंचं बघून सुरू केलं असं कुणी म्हणू नये म्हणून फळ्याचा डावा कोपरा घेतला. वाक्यं मात्र मी पुस्तकातून काढून द्यायचो. मुलांची घरं वर्गात आणायची मला सवय नव्हती आणि हिंमतही नव्हती.

त्या वर्षी माझ्या वर्गात शोभा येमुल नावाची मुलगी होती. वडील लूमवर कारीगर, आई घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. दिवाळीच्या सुट्टीत घरात स्टोव्हचा भडका उडाला. शोभा दोन महिने इस्पितळात होती. जानेवारीत परत आली तेव्हा चेहऱ्याची उजवी बाजू आणि मान भाजून आक्रसलेली होती. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर ती भिंतीकडे उजवी बाजू करून बसायची. मुलं तिच्याशी जरा जास्तच चांगली वागायची. मी तिला प्रश्न विचारणं बंद केलं होतं, आणि ही आपली माया आहे असं समजत होतो.

जानेवारी संपत आला तेव्हा एका सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, ‘अनरेकग्नायझेबल’. हा शब्द माझ्या मनात वर्षभर रुतून बसला होता. तो एकदा बरोबर शिकवून टाकला की ग्रंथालयातली ती गोष्ट पुसली जाईल, असं मला वाटत होतं. पार्टिशनपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी अर्थ सांगितला. मग व्याकरणाच्या पुस्तकातून उतरवून आणलेलं वाक्य तसंच मोठ्याने म्हणत फळ्यावर लिहायला लागलो. ‘हर फेस वॉज अनरेकग्नायझेबल आफ्टर द अ‍ॅक्सिडेंट.’

‘फेस वॉज’पर्यंत आलो आणि मागे वर्ग गप्प झाला. माझ्या हाताला कळलं. पण थांबायचं कसं, पुसायचं कसं, हे कळेना. पुसलं तर सगळ्यांना कळेल की मला कळलं. मी वाक्य पूर्ण केलं, खाली रेघ मारली आणि वळलो.

कुणी लिहीत नव्हतं. शोभा एकटी खाली मान घालून वाक्य वहीत उतरवत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्या खुर्चीपाशी आल्या.

“शोभा येत नाहीये.”

“आजारी असेल.”

“सर, पार्टिशनपलीकडून मला सगळं ऐकू येतं.”

मी म्हणालो, “वाक्य बरोबर होतं. पुस्तकातलं आहे.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बरोबर होतं.” मग म्हणाल्या, “शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी जातेय. येता?”

“माझी बस असते.”

“बरं,” म्हणून त्या वर्गावर गेल्या.

त्या दिवशी त्या गेल्या, दुसऱ्या दिवशीही गेल्या. हे मला शिपायाने सांगितलं. शनिवारी शाळा लवकर सुटली आणि माझे पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. माफी मागायला चाललोय असं मी स्वतःला सांगत होतो. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या. लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीवर शोभाची आई चरख्यावर कांड्या भरत बसली होती. मला बघून ती उठायला लागली. “बाई आत आहे मास्तर, जा ना,” ती म्हणाली. मी हातानेच तिला बसा म्हणालो आणि दाराच्या पडद्याबाहेर उभा राहिलो. खालचे लूम बंद होते. कसलीतरी दुरुस्ती चालली असावी. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“वाच,” बाई म्हणाल्या.

शोभा हळू वाचत होती. “टू माय लिटल ब्रदर आय वॉज नॉट अनरेकग्नायझेबल. ही केम अँड सॅट ऑन माय लॅप.”

माझ्या धाकट्या भावाला मी ओळखू येत होते. तो आला आणि माझ्या मांडीवर बसला.

बाईंनी मास्तरकीचा प्रश्न विचारला, नेहमीच्या कोरड्या आवाजात. “हे सुरुवातीला ‘टू माय लिटल ब्रदर’ का घातलंस? ते मागे टाकलं असतं तरी चाललं असतं. नसतं घातलं तरी चाललं असतं.”

“नाही बाई,” शोभा म्हणाली. “त्यालाच फक्त मी ओळखू येत होते. बाकीच्यांना नाही.”

“मग बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “मग ते पुढेच पाहिजे. सोमवारी शाळेत येऊन लिही.”

त्या वेळी मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण शरमेच्या आधी जे वाटलं ते सांगतो. मला वाटलं, ही माझ्या वर्गातली मुलगी आहे, शब्द मी दिला होता, आणि हे वाक्य बाईंना मिळालं. मी आवाज न करता जिना उतरलो. आईने मागून हाक मारली, पण मी थांबलो नाही.

शोभा सोमवारी आली. बाई फाटकापासून तिच्याबरोबर चालत आल्या, अर्थात प्रार्थनेनंतर. वर्गात मी तिला एवढंच म्हणालो, “बस.” वाक्य वहीत होतं. मी त्याच्यावर बरोबरची खूण केली. याहून जास्त काही मला करता आलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने हेडसरांनी मला खोलीत बोलावलं. काही पालकांची तक्रार आली होती, की गायकवाडबाईंच्या वर्गात धडे पुरे होत नाहीत. “तुम्ही सीनियर आहात पाटील. बाजूलाच वर्ग आहे तुमचा. खरं काय ते सांगा.”

खरं सांगायचं तर बाई दोन धडे मागे होत्या. आणखीही खरं होतं. त्यांच्या वर्गातली मुलं न घाबरता इंग्रजी वाक्य करत होती, आणि माझ्या वर्गातली माझ्या नोट्स पाठ करत होती. मला विचारलं धड्यांचं. मी तेवढ्याचंच उत्तर दिलं.

“दोन धडे मागे आहेत सर. दहावीच्या दृष्टीने जरा धोका आहे.”

जूनमध्ये बाईंना पाचवी दिली. त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे ए, बी, सी, डीपासून. शाळेतलं सगळ्यात चांगलं इंग्रजी ज्यांना येत होतं त्यांना मुळाक्षरं गिरवून घ्यायला बसवलं. वेळापत्रक लागलं त्या दिवशी त्यांनी ते चष्मा लावून पुरतं वाचलं आणि माझ्याकडे आल्या.

“हेडसर म्हणाले, तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही खोटं बोलला असतात, तर मी इथे उभं राहून भांडले असते. तुम्ही खरं सांगितलंत. त्याचाच राग आलाय.”

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. डबा टेबलावर उघडायचा, वास यायचा, माझ्याकडे सरकत नव्हता. कुणी बघणाऱ्याला काही जाणवलंही नसतं. मला रोज जाणवायचं.

मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. पुढच्या वर्षी माझी मुलगी वर्षा पाचवीत आली. ती माझ्याबरोबरच बसने खारबावहून यायची. पहिल्या आठवड्यापासून बसमध्ये आणि घरी जेवताना एकच चालू झालं, बाई असं म्हणतात, बाई तसं म्हणतात. बाई मुलांना पुस्तकातली अक्षरं नंतर दाखवायच्या. आधी त्यांना रांगेने फाटकापाशी नेऊन येणाऱ्याजाणाऱ्या लॉऱ्या वाचायला लावायच्या. लॉरीच्या मागे काय लिहिलंय, कापडाच्या गठ्ठ्यावर कुठली अक्षरं आहेत, कोणत्या दुकानाच्या पाटीवर ‘एस’ उलटा काढलाय. वर्षा बसच्या खिडकीतून अक्षरं ओरडायची आणि लोक कौतुकाने बघायचे. मी शेजारी बसलेला, त्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर. माझ्या मुलीला पहिलं इंग्रजी अक्षर मी नाही दिलं.

सहामाहीनंतर पालकसभा झाली. वर्षाची आई आजारी होती म्हणून मी गेलो आणि पाचवीच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलो. माझी पाळी आल्यावर बाईंनी वही उघडली. दीड वर्षात पहिल्यांदा त्या माझ्याशी थेट बोलत होत्या, आणि तेही पाटील सर म्हणून नव्हे.

“तुम्ही वर्षाचे बाबा. वर्षा हुशार आहे. अक्षर तर तुमचंच घेतलंय, सुंदर. पण चुकायला फार घाबरते. पुसून पुसून कागदाला भोक पाडते. घरी कुणी रागावतं का?”

“नाही,” मी म्हणालो. मग म्हणालो, “मी बघतो.”

“बघा,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या पालकांना हाक मारली.

माझ्यावरचा राग त्यांनी माझ्या मुलीवर काढला नाही. काढला असता तर मला किती बरं वाटलं असतं. बाईंनी पाचवीत घडवलेली मुलं चार वर्षांनी माझ्या नववीत यायला लागली. ती प्रश्न विचारायची, चुकायची, हसायची, पुन्हा करायची. शाळेचा इंग्रजीचा निकाल सुधारला आणि अभिनंदन माझं झालं. मी सुपरवायझर झालो. सत्कारात शाल घेताना मी पहिल्या रांगेकडे बघितलं. बाई झोपल्या होत्या.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला जुने विद्यार्थी आले. शोभा आली होती, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, ड्युटीवरून सरळ. ती बाईंच्या पाया पडली, मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, “नमस्कार सर.” चेहरा सरळ माझ्याकडे होता, दोन्ही बाजूंनी. मी “कशी आहेस” विचारलं. ती “मजेत” म्हणाली.

माझं भाषण मी लिहून नेलं होतं. ते ठीक झालं. उत्तरादाखल बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. शिपाई, पाणी भरणाऱ्या मावशी, क्लार्क, हेडसर. मी वाट बघत होतो. माझं नाव शेवटी आलं.

“पाटील सरांमुळे मला पाचवी मिळाली,” त्या म्हणाल्या. “माझ्या सबंध नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं ती.”

टाळ्या पडल्या. टोमणा होता की खरंच आभार होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. वर्षा म्हणते, बाबा, बाई टोमणे मारत नाहीत. ती म्हणते म्हणून खरं असेल.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, खारबावच्या स्टेशनवर. आमच्या मार्गावर गाड्या कमी. दुपारच्या वेळी फलाटावर चारदोन माणसं असतात. मी वसईला एका लग्नाला निघालो होतो. बघतो तर लांबच्या बाकावर बाई बसलेल्या, छत्री मांडीवर आडवी, आणि शेजारी आमच्याच गावातली भाजी विकणारी यमुनाबाई टोपली पायाशी घेऊन. दोघी अगदी एकमेकींकडे वळून बोलत होत्या. यमुनाबाई टोपलीतली एकेक पालेभाजी उचलून नाव सांगत होती, बाई ते नाव तिच्यासारखंच म्हणायचा प्रयत्न करत होत्या, आणि चुकल्या की यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. यमुनाबाईला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडीला वेळ होता. पन्नास पावलं चालून जाऊन नमस्कार करता आला असता. मी खांबाआड उभा राहिलो. या वयात, एका भाजीवालीचा मला हेवा वाटत होता.

गाडी आली. बाई चढल्या आणि दारातून यमुनाबाईला हात केला. मी चढलो नाही. गाडी निघून गेल्यावर मी त्या बाकापाशी गेलो आणि यमुनाबाईला विचारलं, “काय म्हणत होत्या त्या?”

“कोन, त्या बाय? भाजीचा इचारत होत्या. मंग नातीचा इचारला, कितवीत हाय. मी बोलले, शालेत जात न्हाय. सोडली तिनं, वरीस झाला.” तिने टोपलीवर ओलं फडकं घातलं. “तं बोलल्या, बुधवारी घरी येते, बोलते तिच्याशी.”

यमुनाबाईचं घर आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे.

तिने टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. बोलण्यात राग नव्हता, नुसतं विचारावं तसं विचारलं. “तुमी बी मास्तरच ना वो? गावातलेच तं हाव तुमी.”